इंजिनाचा श्वास आणि माणसाचा श्वास

विमान जितके उंच जाईल तितका त्याचा प्रवास सुखाचा होतो, हे आपण ऐकत आलो आहोत. ढगांचे थर, खालच्या हवेतील हिसके आणि डोंगरांचे माथे खाली राहतात. हवा विरळ असल्यामुळे तिचा अडथळा कमी होतो आणि तेवढ्याच जोरावर विमान अधिक वेगाने जाते. शेकडो प्रवासी नेणारी जेट विमाने तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातात ती याचसाठी. परंतु ज्यात पाच-सहा माणसेच बसतात, ज्याच्या नाकावर एकच पंखा फिरतो आणि ज्याचे इंजिन मोटारगाडीच्या इंजिनाप्रमाणे दट्ट्यांवर चालते, असे एखाद्याच्या मालकीचे छोटे विमान पंचवीस हजार फुटांवर कसे पोहोचते? आणि पोहोचल्यावर त्यातील माणसांचे काय होते? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. अमेरिकेतील पायपर कंपनीच्या ‘मालिबू’ या विमानाच्या आधारे ती उलगडून दाखविण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम हवेचा विचार करू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. आपण कळसूबाईच्या शिखरावर चढून गेलो, तर तेथे तो सुमारे १२ पौंड भरेल. १८,००० फुटांवर तो निम्मा होतो आणि २५,००० फुटांवर साडेपाच पौंडांहूनही किंचित कमी उरतो. इंजिनाचा दट्ट्या खाली सरकतो तेव्हा नळकांड्यात हवा ओढली जाते. नळकांडे तेवढेच राहते, त्यात शिरणाऱ्या हवेचे वजन मात्र उंचीबरोबर घटत जाते. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी; प्राणवायू कमी म्हणजे जाळता येणारे पेट्रोल कमी; आणि पेट्रोल कमी जळले की जोर कमी. साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी उतरते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ज्या उंचीवर विमानास वेगाने जाण्याची सोय होते, नेमक्या त्याच उंचीवर त्याच्या इंजिनास धाप लागते!

यावर उपाय कोणता? तो आपल्या गावच्या लोहारास पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. विस्तव मंदावला की लोहार भाता चालवितो आणि निखाऱ्यांत हवा जोराने घुसवितो. इंजिनासही असाच भाता जोडला आणि विरळ हवा दाबून नळकांड्यात भरली, तर समुद्रसपाटीवरचा जोर वरही मिळेल. प्रश्न एवढाच राहतो की, हा भाता चालवावयाचा कोणी? इंजिनाच्याच दांड्यास दातेरी चाके लावून तो फिरविता येतो. परंतु मग मिळालेल्या शक्तीतील काही वाटा भाताच खाऊन टाकतो.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली एका निराळ्या युक्तीचे पेटंट घेतले. त्याची दृष्टी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूकडे गेली. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा फार मोठा भाग या वायूबरोबर नळीतून बाहेर जाऊन वाया जातो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. वाहून जाणाऱ्या पाण्याच्या जोरावर चाक फिरते आणि त्या चाकाच्या आसाला जोडलेले जाते दळू लागते. टर्बोचार्जर हे यंत्र म्हणजे अशीच एक पाणचक्की; मात्र तिच्यात पाण्याऐवजी तप्त वायूचा झोत असतो आणि जात्याच्या जागी हवा दाबणारे दुसरे चाक असते. दोन्ही चाके एकाच आसावर बसविलेली, पण निरनिराळ्या पेट्यांत बंद. एका पेटीतून जळका वायू जातो, दुसरीतून स्वच्छ हवा. जो धूर आपण टाकाऊ मानतो, तोच इंजिनास श्वास पुरवितो.

ही कल्पना विमानात उतरविण्याचे प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या काळात झाले. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी, तर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांनी असे यंत्र सिद्ध केले. १९१८ साली मॉस यांनी त्याची परीक्षा घेण्यासाठी विमान उडविले नाही. लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन एका वाहनावर चढवून त्यांनी ते कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. जे इंजिन पायथ्याच्या दाट हवेत ३५० अश्वशक्तीचे होते, ते शिखरावर २३० वर आले. आणि टर्बोचार्जर जोडताच त्याच शिखरावर त्याने ३५६ अश्वशक्ती दिली! डोंगरमाथ्यावर इंजिनास मैदानातील हवा मिळाली, असेच म्हणावयाचे.

परंतु इंजिनास मिळालेली हवा माणसास मिळत नाही, हा धडा थोड्याच काळात शिकावयास मिळाला. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रूडॉल्फ श्रोडर या अमेरिकन वैमानिकाने ओहायोतील मकुक फील्ड येथून टर्बोचार्जर लावलेल्या विमानात उड्डाण केले आणि ३३,००० फुटांहून अधिक उंची गाठून विक्रम केला. विमानाची बैठक उघडी होती आणि वर हाडे गोठविणारी थंडी होती. इंजिन उत्तम चालले होते. पण श्रोडर यांचा प्राणवायूचा पुरवठा बंद पडला आणि ते बेशुद्ध झाले. विमान कित्येक मैल खाली कोसळत आले. जमीन जवळ येत असताना त्यांस शुद्ध आली, आणि थंडीने डोळ्यांस इजा झाली असतानाही त्यांनी विमान सुखरूप उतरविले. यंत्राचा श्वास चालू राहिला आणि माणसाचा अडला, ही पुढच्या सर्व इतिहासाची नांदी होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मोठ्या बॉम्बफेकी विमानांस टर्बोचार्जर सर्रास लाविले गेले. त्यांतील वैमानिक तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवून बसत. खाजगी विमाने मात्र त्या वेळी अगदी साधी होती. पायपर कंपनीचे प्रसिद्ध ‘कब’ हे ६५ अश्वशक्तीचे, दोन आसनांचे आणि कापडाने मढविलेले विमान शेतांवरून संथपणे तरंगत जाई. त्यास वीस हजार फुटांचे स्वप्नही पडण्याचे कारण नव्हते. १९६० नंतरच्या दशकात व्यापारी, डॉक्टर, कारखानदार अशी मंडळी कामासाठी स्वतःचे विमान वापरू लागली आणि उंच जाण्याची मागणी वाढली. सेसना कंपनीने १९६६ च्या सुमारास आपल्या २१० या सहा आसनी विमानास टर्बोचार्जर बसविला. इंजिनाचा प्रश्न सुटला; पण प्रवाशांना मुखवटे लावूनच बसावे लागे. घरच्या मंडळींसह प्रवासास निघावे आणि तासन्‌तास सर्वांच्या तोंडावर नळ्या असाव्यात, ही गोष्ट कोणास रुचणार? तेव्हा विमानाच्या खोलीतच दाटलेली हवा भरण्याचा विचार पुढे आला. मूनी कंपनीने याच दशकात तसे एक इंजिनाचे विमान काढले. पण त्याचे मोजकेच नमुने तयार झाले. १९७८ मध्ये सेसनाने पी-२१० बाजारात आणले आणि ते पुष्कळ खपले.

हे पाहून पायपरनेही नवे विमान हाती घेतले. सेसनाचे पी-२१० हे जुन्या विमानास दाबाची खोली बसवून केलेले होते. पायपरने आपले विमान मुळापासून याच कामासाठी आखले. त्याचा पहिला नमुना ३० नोव्हेंबर १९७९ रोजी उडाला, १९८२ साली त्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली. फ्लॉरिडा राज्यातील व्हेरो बीच येथील कारखान्यात ते तयार होऊ लागले. कॉन्टिनेंटल कंपनीचे ३१० अश्वशक्तीचे सहा नळकांड्यांचे इंजिन आणि त्यास एक नव्हे, दोन टर्बोचार्जर. पुढे वैमानिकाची व त्याच्या सोबत्याची बैठक. मागे रेल्वेच्या डब्यात असतात तशी समोरासमोर चार आसने. डाव्या बाजूस मागे पायऱ्यांचे दार. आणि उड्डाणानंतर पोटात ओढून घेता येणारी चाके, असा त्याचा थाट आहे. त्याचे पंख विशेष पाहण्याजोगे आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते ४३ फूट लांब, पण रुंदीला अरुंद आहेत. घार किंवा गिधाड तासन्‌तास पंख न हलविता तरंगते, ते लांब पंखांच्या बळावर; विरळ हवेत कमी शक्तीवर तरून जाण्यास असेच पंख सोयीचे पडतात. २५,००० फुटांवर हे विमान ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेगाने जाते आणि एका दमात दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापते.

खोलीतील हवेची योजना तर एका त्रैराशिकाइतकी सरळ आहे. टर्बोचार्जरचे जे चाक स्वच्छ हवा दाबते, त्याच दाबलेल्या हवेतील थोडा भाग खोलीत सोडला जातो आणि खोलीच्या मागील झडपेतून बेताबेताने बाहेर जाऊ दिला जातो. बाहेरच्यापेक्षा आत दर चौरस इंचास ५.५ पौंड अधिक दाब राखता येईल, इतकी बळकट खोलीची बांधणी आहे. आता २५,००० फुटांवरील बाहेरचा दाब साधारण ५.४ पौंड, त्यात ५.५ मिळविले की बेरीज १०.९ होते. हा दाब आठ हजार फुटांवरच्या हवेचा आहे. म्हणजे विमान एव्हरेस्टशी जवळीक साधत असताना आतील मंडळी जणू एखाद्या थंड हवेच्या डोंगरी गावी बसलेली असतात. बाहेर उणे ३४ अंश सेल्सिअस तापमान असते आणि आत कोट काढून गप्पा चालू असतात!

मात्र कोणतीही उंची फुकट मिळत नाही. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा आपला रोजचा अनुभव आहे. हवा दाबली की ती गरम होते. टर्बोचार्जरमधून निघालेली हवाही अशीच तापलेली असते. ती तशीच इंजिनात गेली तर पेट्रोल अवेळी भडकून धडाके होतील आणि इंजिनाची हानी होईल. म्हणून ती आधी जाळीदार थंडाव्यातून फिरवून निववावी लागते. जळक्या वायूचा झोत नऊशे अंशांच्याही वर तापलेला असतो आणि त्यात फिरणारे चाक मिनिटास हजारो फेऱ्या घेते. ते अनावर फिरू नये म्हणून एक झडप ठेवलेली असते. पाटाला पाणी जास्त झाले की शेतकरी बांध फोडून ते बाजूला सोडतो, त्याप्रमाणे ही झडप जादा वायू चाकावर न पाडता परभारे बाहेर सोडते. वैमानिकासही धीर धरावा लागतो. उंचावरून उतरताना इंजिनाचा जोर एकदम तोडावयाचा नाही, आणि जमिनीवर आल्यावरही तप्त चाके निवेपर्यंत इंजिन काही वेळ मंद चालू ठेवावयाचे, असा प्रघात आहे. साध्या विमानापेक्षा येथे देखरेख अधिक, दुरुस्ती अधिक आणि खर्चही अधिक.

खर्चाहून मोठी किंमत निष्काळजीपणाची असते. १९८९ ते १९९१ या काळात काही मालिबू विमाने हवेतच मोडून पडली. विमानात मूळचाच दोष असावा, अशी शंका आली. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने १९९१ मध्ये या जातीच्या विमानांस वादळी व हिमाच्या हवेत उडण्यास निर्बंध घातले आणि त्यांच्या रचनेची नव्याने तपासणी केली. विमानाची बांधणी नियमांस धरून आहे, असे तपासणीअंती ठरले. ज्या गोष्टी दिसून आल्या त्या निराळ्याच होत्या. विमानाचा वेग एका बारीक नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून मोजतात. ढगात त्या नळीच्या तोंडावर बर्फ धरू नये म्हणून ती तापविण्याची सोय असते; ती चालू करावयास विसरले तर काटा खोटा वेग दाखवितो, आणि ढगात डोळ्यांना क्षितिज दिसत नसल्याने वैमानिक फसतो. मग विमान भलत्या वेगाने खाली झेपावते, घाबरून ते एकाएकी सावरू पाहिले की पंखांवर अतोनात ताण पडतो. जे हवामान पूर्वी केवळ मोठ्या विमानांच्या कसलेल्या वैमानिकांच्या वाट्यास येत असे, तेथवर टर्बोचार्जरने एकट्या खाजगी वैमानिकास नेऊन पोहोचविले होते. पण त्यास लागणारे शिक्षण ते यंत्र देऊ शकत नव्हते.

दुसरी हकीकत अधिक जवळच्या काळातील आहे. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला हा फ्रान्समधील नान्त येथून वेल्समधील कार्डिफ या शहराकडे एका मालिबू विमानातून निघाला होता. ग्वेर्नसी बेटाजवळ ते विमान समुद्रात कोसळले आणि साला व वैमानिक दोघेही गेले. साला याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे प्रमाण ५८ टक्के आढळले. रात्रीच्या उड्डाणाचा परवाना वैमानिकाजवळ नव्हता. ढग चुकविण्यासाठी बहुधा त्याने विमान वळविले असावे, त्या वळणात ते हातचे गेले आणि वाजवीपेक्षा फार अधिक वेगात असताना मोडले. त्या वेळी वैमानिकावरही बहुधा विषाचा अंमल चढला होता, असा निष्कर्ष ब्रिटनच्या विमान अपघात तपास विभागाने २०२० मध्ये काढला. या विमानात ऊब आणण्यासाठी हवा इंजिनाच्या तप्त धूरनळ्यांभोवती फिरवून आत घेतात. नळीस कोठे फट पडली तर जळका वायू त्या उबेबरोबर आत येऊ शकतो, आणि येथे तसेच घडले असण्याचा संभव तपासणाऱ्यांनी दर्शविला.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा वार्ता थंडीच्या दिवसांत आपण वाचतो. तेथे मारणारा वायू हाच. त्यास रंग नाही, वास नाही. तो अस्तित्वात आहे हे सांगणारे लहानसे सूचक यंत्र थोड्या पैशांत मिळते. त्या विमानात चालू स्थितीतील असे यंत्र नव्हते. आम्हांस ही गोष्ट फार विचार करण्याजोगी वाटते. जो धूर इंजिनास श्वास देतो तोच माणसाचा श्वास हिरावून घेऊ शकतो. मध्ये असते ती केवळ एका पातळ पत्र्याची भिंत आणि ती भिंत वेळोवेळी तपासणाऱ्या मनुष्याची दक्षता.

मालिबूची पुढील कथा थोडक्यात सांगावयाची तर अशी : १९८८ मध्ये लायकमिंग कंपनीचे ३५० अश्वशक्तीचे इंजिन बसवून ‘मालिबू मिराज’ हे त्याचे नवे रूप निघाले, तोवर पहिल्या जातीची सुमारे ४०० विमाने तयार झाली होती. २००० साली मान्यता मिळालेल्या ‘मेरिडियन’ या भावंडास दट्ट्याचे इंजिन नसून सबंध टर्बाइन इंजिन आहे. नावातील साम्यामुळे टर्बोचार्जर आणि टर्बाइन इंजिन यांची गल्लत करू नये. मिराजचेच सुधारलेले रूप २०१५ मध्ये ‘एम-३५०’ या नावाने पुढे आले, आणि त्यातील एका योजनेकडे लक्ष वेधल्याशिवाय हा लेख संपविता येणार नाही.

२५,००० फुटांवर खोलीतील दाब निघून गेला, तर मनुष्य सुमारे तीन ते पाच मिनिटे कामापुरता शुद्धीवर राहतो. वाईट असे की, प्राणवायू कमी पडू लागला म्हणजे जीव गुदमरत नाही. उलट पुष्कळांस हुशारी वाटते, आपले सर्व ठीक चालले आहे असा भरवसा वाटतो, आणि त्याच भरवशात बुद्धी मालवते. ज्यास मदतीची गरज आहे त्यासच ती गरज कळत नाही. म्हणून एम-३५० मधील यंत्रणा वैमानिकाच्या हालचालींवर नजर ठेवते. बराच वेळ त्याने कोणत्याही कळीस हात लाविला नाही, तर ती त्यास हटकते; आणि उत्तर आले नाही, तर विमान आपण होऊन खालच्या दाट हवेत उतरविते. १९२० साली श्रोडर शुद्ध हरपून खाली आले, तेव्हा त्यांस जाग आणणारे कोणी नव्हते. त्यानंतर पंचाण्णव वर्षांनी यंत्र माणसास “आपण जागे आहात ना?” असे विचारू लागले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कोणी पुढे अभियंते होतील, कोणी वैमानिक होतील, आणि बहुतेकजण यांपैकी काहीच न होता निराळ्याच कामास लागतील. टाकाऊ धुरातून शक्ती मिळविणाऱ्या बुद्धीचे कौतुक तर सर्वांनीच करावे. परंतु त्या शक्तीने जेवढे उंच नेले, तेवढी नवी उणीव दर वेळी दुसरीकडे उघडी पडली : आधी इंजिनाच्या श्वासाची, मग माणसाच्या श्वासाची, मग शिक्षणाची आणि शेवटी रोजच्या तपासणीची. प्रत्येक उणीव ज्यांनी वेळीच ओळखली, तेच वर टिकले. शंभर वर्षांचा हा इतिहास आम्हांस हेच सांगताना दिसतो.